अंधाऱ्या देवडीतला दिवा: खाडीकाठच्या पडक्या किल्ल्यांसाठी एल-आकाराचा हेडलॅम्प

हेडलॅम्पची परीक्षणं बहुतेक करून ट्रेकर मंडळी लिहितात, त्यामुळे त्यांत रात्रीची चढाई, तंबू आणि पाऊलवाट यांचाच विचार असतो. घोडबंदर, बेलापूर, पलीकडच्या काठावरचं वसई अशा मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठच्या किल्ल्यांत दिवा लागतो तो भर दुपारी. बाहेर फटफटीत ऊन आणि देवडीत (दरवाज्यालगतच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत), कोठारात, तटाच्या पोटातल्या जिन्यात काळोख. बघायच्या वस्तू दहा-पंधरा मीटरच्या आत. कमान कधी डोक्याला लागेल इतकी खाली, पायाखाली पडझडीचे दगड, भिंती ओल धरलेल्या. अशा जागी कोणता दिवा चालतो आणि कोणता नुसता चमकतो, हे इथे सांगायचं आहे.

पारखलेला दिवा एल-आकाराचा आहे. म्हणजे सेलची नळी कपाळावर आडवी बसते आणि काच नळीच्या टोकाला नसून बाजूला असते. आत एकच १८६५० सेल (बोटाएवढा जाड, पुन्हा भरता येणारा लिथियम सेल), चार्जिंगला यूएसबी-सी, बुडाला लोहचुंबक. मुख्य गोष्ट अशी, की पट्ट्यावरच्या खोबणीतून हा दिवा झटक्यात बाहेर निघतो आणि हातात धरता येतो. या घडणीचे दिवे चार-पाच कंपन्या बनवतात, त्यांच्यातला फरक किरकोळ आहे, म्हणून एकीचं नाव घेऊन तिची जाहिरात करत नाही. सेलसकट साधारण अडीच ते चार हजारांत येतो. घेताना खोक्यावर चार गोष्टी बघाव्यात: रंग ४००० ते ५००० केल्विन (आकडा वाढला की उजेड निळसर), सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा वर, उजेडाच्या किमान चार पायऱ्या, आणि आयपीएक्स७ किंवा त्यापुढचं जलरोधन. लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा पाचवा. तो नाही बघितला तरी चालतं.

लुमेनबद्दल एवढं ठाम बोलायचं कारण खोक्यावरच्या आकड्याच्या मोजणीतच आहे. हातदिव्यांसाठी एफएल१ नावाचं मानक आहे. त्यानुसार उजेड मोजतात तो दिवा लावल्यावर ३० सेकंदांनी, आणि ‘इतके तास चालतो’ हा आकडा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. म्हणजे १००० लुमेनचा दिवा ‘तीन तास’ चालतो असं लिहिलेलं असेल, तर त्यातला बराच वेळ तो २००-३०० लुमेनवर किंवा त्याहूनही खाली रेंगाळलेला असू शकतो. त्यात लबाडी नाही, मानकच तसं आहे. लबाडी असते ती फुटपाथवरच्या खोक्यावर, जिथे ‘५०,००० लुमेन’ छापलेले असतात आणि कोणतंही मानक लिहिलेलं नसतं.

शिवाय बंद खोलीत जास्त उजेड उलटतो. तीन मीटरवरच्या चुन्याच्या भिंतीवर हजार लुमेनचा झोत मारला की समोर पांढरा गोळा दिसतो, डोळ्यांची बाहुली आकसते आणि कोपऱ्यातला काळोख आणखी गडद होतो. नेमकी कोपऱ्यातच बघण्यासारखी गोष्ट असते, आणि टाळण्यासारखीही. देवडीसाठी ५० ते १०० लुमेनचा रुंद उजेड पुरतो. मोठ्या दालनाचं छत बघायला ३०० पुरे. हजारची पायरी लागते ती एखाद्या लांब भुयारी वाटेचं टोक आहे की पडझडीने वाट बंद झाली आहे, हे लांबूनच बघायला, आणि तेही दहा सेकंदांपुरतं.

ठाणे शहरातल्या वाचकांचा पहिला प्रश्न ओळखीचा आहे: आपल्या किल्ल्याचं काय? पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आलेला तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून तिथूनच निसटले. आत जायला हेडलॅम्प लागत नाही, वेगळी पात्रता लागते. तेव्हा तो सोडून देऊ. घोडबंदरही पोर्तुगीजांचाच आणि त्याच मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. वसई दोन वर्षांनी, १७३९ मध्ये पडली. बेलापूरची उभारणी सोळाव्या शतकात सिद्दींनी केली असं मानतात, आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी तिथे बरीच पाडापाड केली. आता भोवती शहर आहे, मधोमध अवशेष. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने संवर्धनाचं काम हाती घेतल्यापासून लोक तिकडे फिरायला म्हणून जाऊ लागले आहेत, आणि फिरायला गेलेला माणूस मोबाइलच्या उजेडावर कुठल्याही भोकात डोकावतो. हे परीक्षण मुख्यतः त्याच्यासाठी.

मोबाइलचा उजेड वाईट का, ते सांगायला हवं. पन्नासेक लुमेन तो देतोही. पण एक हात अडकतो, फोन पडला की दिवा, नकाशा आणि मदतीचा नंबर तिन्ही एकदम जातात. त्यापेक्षा मोठा दोष म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटून असतो. प्रकाश आणि नजर एकाच रेषेत आली की दगडाच्या सावल्या दगडाच्याच मागे लपतात आणि खडबडीत भिंत गुळगुळीत दिसते. कपाळावरच्या कुठल्याही हेडलॅम्पचा दोषही थोडाफार हाच. म्हणून तर दिवा कपाळावरून काढता येणं ही या एल-आकाराची खरी किंमत आहे. उजेडाचा रंग सोडला तर बाकीचं सगळं तीनशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या दिव्यातही कमी-अधिक मिळतं.

दरवाज्यापासून सुरुवात करू. उन्हातून आत शिरल्यावर पहिली दहा पावलं सगळ्यात धोक्याची, कारण डोळे अजून बाहेरच असतात. अंधाराला सरावायला डोळ्याला काही मिनिटं लागतात, पूर्ण सरावायला वीस-तीस. तेवढं कोणी थांबणार नाही, पण कमानीच्या सावलीत पाठ उन्हाकडे करून दोन मिनिटं उभं राहावं आणि दिवा बाहेर असतानाच मधल्या पायरीवर लावून ठेवावा. आत गेल्यावर बटण चाचपडू नये. या दिव्याचं बटण एकच आहे आणि बहुतेक मॉडेलांत बंद असताना दाबून धरलं की सगळ्यात मंद उजेड, दोनदा दाबलं की सगळ्यात प्रखर. ही पद्धत घरी अंधारात बसून पाठ करावी. एका बटणावर सगळा कारभार असल्याने चुकीने प्रखर लागतो आणि शेजारच्याचे डोळे दिपतात, ही तक्रार रास्त आहे.

आता कमानीच्या आतल्या बाजूला, दाराच्या चौकटीमागे, साधारण छातीच्या उंचीवर दोन्ही भिंतींत समोरासमोर खाचा दिसतात का ते बघावं. एका बाजूची उथळ, दुसऱ्या बाजूची खोल, कधी हात कोपरापर्यंत जाईल इतकी. (हात घालू नका, आत कोण राहतं ठाऊक नसतं.) ही अडसराची जागा. लाकडी ओंडका खोल खाचेत सारून ठेवायचा, दार लावलं की ओढून समोरच्या खाचेत बसवायचा. समोरून १०० लुमेन मारले की नुसतं काळं चौकोनी भोक दिसतं. दिवा पट्ट्यातून काढून भिंतीला जवळजवळ चिकटवावा, झोत भिंतीला दहाएक अंशांत घासून जाईल असा धरावा आणि उजेड ३० लुमेनवर आणावा. मग खाचेच्या ओठावर अडसराच्या वर्षानुवर्षांच्या घासण्याने आलेली गोलाई उमटते. वरची कड टोकदार, खालची झिजलेली. भोवतीच्या दगडावर टाकीचे (छिन्नीचे) घाव तिरपे, एका दिशेने पडलेले दिसतात. मध्येच एखादा दगड सपाट, घाव नसलेला आला, तर तो नंतर बसवलेला. तिरप्या उजेडात हे वाचता येतं, समोरच्या उजेडात येत नाही. बुडाचा लोहचुंबक इथे काही कामाचा नाही, काळ्या दगडाला तो चिकटत नाही. संवर्धनाच्या कामाची लोखंडी परांची असेल तर मात्र दिवा तिला लावून दोन्ही हात मोकळे होतात. अर्थात चालू कामाच्या जागी परवानगीशिवाय जायचं नाही.

तिरप्या उजेडाचा दुसरा उपयोग जिवाशी निगडित आहे. तटाची भिंत किंवा कमानीचा पोटभाग फुगला आहे का, हे समोरून कळत नाही. भिंतीलगत दिवा धरला की फुगीर भागाच्या अलीकडे उजेड आणि पलीकडे लांबट सावली पडते. सपाट भिंतीवर उजेड हळूहळू मंदावत जातो, फुगलेल्या भिंतीवर तो एका रेषेवर तुटतो. अशी तुटलेली रेष डोक्याच्या वर दिसली तर त्या खोलीत थांबू नये. भेगांचंही तसंच. जुनी भेग असेल तर कडा गोलावलेल्या, आत कोळिष्टकं, शेवाळ, धूळ. ताजी असेल तर कडा धारदार, आतला चुना स्वच्छ, आणि खाली जमिनीवर त्याच चुन्याचा चुरा. कमानीच्या माथ्यावरून, कळीच्या दगडाच्या आसपास भेग धावते आहे आणि खाली चुरा पडलेला आहे, म्हणजे बांधकाम अजून हलतं आहे. पावसाळ्यानंतरचे दोन महिने हे विशेष बघावं, कारण चार महिने भिजलेली भिंत सुकताना हलते. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं सांध्यात शिरलेली असतील तर ती ओढून काढायचा उत्साह नको. मुळांनी दगड फोडलेले असतात हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी तेच दगड आता मुळांनीच धरून ठेवलेले असतात.

आता रंगाकडे. या दिव्यासाठी जास्त पैसे मोजायचे तर ते या गुणासाठीही. स्वस्त हेडलॅम्पचा उजेड ६५०० केल्विनच्या पुढचा, निळसर, आणि सीआरआय सत्तरच्या आसपास असतो. त्यात चुन्याचा गिलावा, सिमेंटचं ठिगळ आणि लोणा (मिठाची पांढरी पूड) लागलेला दगड तिघेही सारखेच करडे-पांढरे दिसतात. ४००० ते ५००० केल्विन आणि नव्वदीचा सीआरआय असेल तर चुना सायीच्या रंगाचा, सिमेंट हिरवट करडं आणि लोणा पांढराफेक, भुरभुरीत, असे वेगळे ओळखू येतात. विटांचा चुरा मिसळलेला सुरखीचा गिलावा तांबूस दिसतो, पाण्याच्या टाक्यांच्या आतल्या बाजूला तो शोधावा. जांभा, वीट आणि गंजाचा डाग यांच्यातला फरकही लाल छटांवर अवलंबून असतो, आणि कमी सीआरआयचे दिवे सगळ्यात आधी लालच खातात.

हा फरक कशाला ओळखायचा? सिमेंटचं ठिगळ दिसलं की त्याच्या भोवतीचा दगड बघावा. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा अडवतो. खाडीच्या हवेतलं आणि जमिनीतून चढणारं मीठ मग दगडातूनच बाहेर पडायला बघतं, पृष्ठभागाच्या जरा आत त्याचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंट शाबूत आणि भोवतीचा दगड खाल्लेला, असं दृश्य खाडीकाठच्या कुठल्याही डागडुजी केलेल्या तटावर मिळेल. तिथे पाय देऊन चढणं किंवा त्या दगडाला धरणं टाळावं. दिवा चांगला असेल तर हे आत शिरल्याच्या पहिल्या मिनिटात कळतं.

दारूकोठार ओळखायची खूण म्हणजे जाड भिंती, लहान दार, आणि झरोके असलेच तर वाकडे किंवा नागमोडी, ठिणगी सरळ आत येऊ नये म्हणून. अशा खोल्यांत वटवाघळं असतात. इथे सगळ्यात मंद पायरी लावावी, जमिनीकडे झोत ठेवावा. ज्या मॉडेलात लाल दिवा आहे त्यात तो लावावा, वटवाघळांना त्याचा त्रास पांढऱ्यापेक्षा कमी होतो आणि किडेही कमी जमतात. ती उडायला लागली की मुकाट्याने मागे फिरावं. खाली विष्ठेचा थर असेल तर एन९५ मास्कशिवाय पाऊल टाकू नये, कोरडा थर उडाला की त्यातली बुरशी छातीत जाते. रुमाल पुरत नाही. अशा धुळीच्या खोलीत कपाळावरचा दिवा सगळ्यात वाईट: उडणारा प्रत्येक कण डोळ्यांसमोर चमकतो आणि धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखं होतं. दिवा काढून कमरेजवळ धरला की समोरचं पुन्हा दिसायला लागतं.

कमरेचीच युक्ती जिन्यात. तटाच्या पोटातले जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि मधोमध झिजलेल्या. वर चढताना कपाळावरचा दिवा ठीक. उतरताना मात्र डोळे आणि दिवा एकाच उंचीवर असल्याने पायरीच्या कडेची सावली दिसत नाही आणि सगळा जिना एक सपाट उतरंड वाटतो. पाय नेमका तिथे चुकतो. दिवा पट्ट्यासकट कमरेला बांधावा किंवा शर्टाच्या खिशाला अडकवावा. उजेड खालून, तिरपा आला की प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसते. या दिव्याला पाठीमागे क्लिप येते, ती काढून फेकू नये. आणि हो, एल-आकाराचा दिवा कपाळापुढे दोन-तीन सेंटिमीटर येतो. ठेंगण्या दारात वाकताना आधी तो आपटतो, मग डोकं. ज्याच्याकडे गिर्यारोहणाचं हेल्मेट आहे त्याने ते घालावं. पट्टा हेल्मेटवरून बसतो, पण रबरी खोबण असलेला घसरतो आणि आतून सिलिकॉनची रेघ असलेला टिकतो.

पाण्याच्या टाक्याशी दिव्याचा भरवसा संपतो. गढूळ पाण्यावर प्रखर झोत मारला तर तो परत डोळ्यांत येतो. स्वच्छ पाणी असेल तर तळ दिसतो, पण असतो त्यापेक्षा वर दिसतो: सरळ खाली बघितलं तर दोन मीटर खोल पाणी दीड मीटर वाटतं. तिरकं बघितलं तर आणखी उथळ. पायऱ्या दिसल्या तरी शेवाळावर उतरू नये. कोरड्या टाक्यात किंवा जुन्या विहिरीत तर मुळीच नाही. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, ते कोणत्याही दिव्याने दिसत नाही, आणि मेणबत्ती विझते की नाही ही जुनी परीक्षाही भरवशाची नाही. वरून ३०० लुमेन, काठापासून एक मीटर मागे गुडघ्यावर बसून. तेवढंच.

बुरुजाच्या माथ्यावर दिवा बंद करायचा, पण काढून ठेवायचा नाही, कारण जंग्या (बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेली भोकं) बघायच्या असतात. जंगी आतून रुंद आणि बाहेर निमुळती असते. बाहेरच्या उन्हाने तिच्या बाजू आणखी काळ्या दिसतात. तिच्यात ३०० लुमेन टाकले की बाजूंचा उतार दिसतो आणि बंदूक कुठल्या कोनात फिरत असेल, खाडीचा कुठला पट्टा तिच्या माऱ्यात येत असेल, ते समजतं. एकाच भिंतीत काही जंग्या खाली झुकलेल्या आणि काही सरळ असतील तर झुकलेल्या पायथ्यासाठी आणि सरळ लांब माऱ्यासाठी. फोटो काढायचे असतील तर दिवा मंद पायरीवर ठेवून मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे सरकतात का ते बघा. सरकत असतील तर त्या दिव्याचा उजेड सेकंदाला काही शे वेळा चालू-बंद होत मंद केलेला आहे. डोळ्याला कळत नाही, फोटो मात्र खराब होतो. पारखलेल्या घडणीच्या बऱ्याच दिव्यांत हा दोष नाही, फुटपाथवरच्या दिव्यांत हमखास असतो.

आता दोष. वजन: सेल पन्नासेक ग्रॅम, दिवा आणि पट्टा धरून दीडशेच्या आसपास. तीन एएए सेलचा प्लॅस्टिकचा दिवा याच्या निम्म्याने भरतो. तासाभरात कपाळावर वळ उठतो. वरून जाणारा तिसरा पट्टा लावला तर भार वाटला जातो, पण तो बहुतेकांना नको असतो. तापणं: ॲल्युमिनियमची काया हीच उष्णता बाहेर टाकते, आणि एप्रिल-मे महिन्यात बंद कोठारात हवाच हलत नाही. प्रखर पायरी दोन-तीन मिनिटांत स्वतःहून उतरते, उतरायलाच हवी, पण काही दिवे एकदम खाली येतात आणि अचानक अंधारल्यासारखं होतं. घाम: कापडी पट्टा दमट हवेत सुकतच नाही, आठवड्याभरात वास मारतो. साध्या पाण्याने धुवावा. आणि बटण पिशवीत दाबलं जातं. पोचेपर्यंत सेल अर्धा रिकामा आणि पिशवी गरम. उपाय सोपा आहे: मागचं झाकण पाव वळसा सैल करून ठेवायचं. आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा थर) असेल तर विजेचा मार्ग तुटतो आणि दिवा लागतच नाही. नवीन दिवा घेतल्यावर ही परीक्षा घरीच करावी. झाकण सैल करूनही लागत असेल तर आटे उघडे आहेत, मग बटणाचं कुलूप शिकून घ्या.

सेलच्या बाबतीत चुकीला क्षमा नाही. चांगला १८६५० सेल ३.६ व्होल्ट, ३००० ते ३५०० एमएएच (विजेच्या साठ्याचं माप) आणि ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे जवळपास १२ वॅट-तास. शंभर लुमेनला साधारण एक वॅट धरला तर दहा तासांच्या आसपास उजेड, म्हणजे किल्ल्याच्या दोन फेऱ्या निवांत. ‘९९०० एमएएच’ लिहिलेला सेल असेल तर तो खोटा, काट्यावर ठेवला की तीस-पस्तीस ग्रॅमच भरेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात, तेव्हा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा न्यायला लाजू नये. संरक्षक सर्किट असलेला सेल लांबीला तीन-पाच मिलिमीटर जास्त भरतो आणि काही दिव्यांत बसत नाही, जोर करून झाकण लावलं तर स्प्रिंग चेपते. सेलचं वरचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलं तर तो वापरायचा नाही.

खारी हवा हा या भागातला दिव्याचा खरा शत्रू. पाऊस नव्हे. यूएसबी-सीच्या तोंडावरचं रबरी बूच नीट बसलं नाही की महिन्या-दोन महिन्यांत आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि चार्जिंग कधी होतं, कधी नाही. खाडीवरून आल्यावर बूच घट्ट बसवून दिवा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा, पंख्याखाली सुकवावा, मगच बूच उघडून चार्जिंगला लावावा. ओल्या तोंडात वायर घातली की गंज दुप्पट वेगाने. आट्यांतला घाण झालेला ग्रीस टिश्यूने काढून नवा सिलिकॉन ग्रीस लावावा, बोटावर तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. व्हॅसलीन नको, काही रबरी रिंगा त्याने फुगतात आणि मग जलरोधन गेलंच. स्प्रिंग आणि सेलची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. हे एवढं करायचा कंटाळा असेल तर ज्यात चार्जिंगचं भोकच नाही आणि सेल काढून बाहेरच्या चार्जरवर लावायचा असतो, असा दिवा घ्यावा. खाडीकाठासाठी आमचं मत तर त्याच बाजूला झुकतं. भोक नाही तर गंज नाही.

दिव्याबरोबर आणखी एक दिवा लागतो, हे कोणत्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. खिशात एक-दोन एएए सेलवर चालणारा बोटभर टॉर्च असावा. मुख्य दिवा गेला तर मोबाइल राखीव, ही सबब पुरेशी नाही, मोबाइल १०८ ला फोन करायला लागतो. साप चावला तर बांधू नये, कापू नये, हात-पाय हलवू न देता सरकारी रुग्णालय गाठावं. घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही या पट्ट्यात आहेत, आणि दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी झोत आत टाकणं हा हेडलॅम्पचा सगळ्यात साधा उपयोग. घोट्याच्या वर जाणारे बूट घालावेत, सँडल नकोत. तटाच्या बाहेरून, खाडीच्या अंगाने फिरायचं असेल तर आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. उधाणाला इथे पाणी चार मीटरहून अधिक चढतं, आणि तिवरांतला चिखल परत येताना वेळ खातो.

दिवा आहे म्हणून रात्री जाऊ नये. केंद्राच्या संरक्षित स्मारकांत, म्हणजे वसईसारख्या ठिकाणी, सर्वसाधारण वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास केंद्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याचा वेगळा १९६० चा कायदा आहेच. खडूने नाव लिहिणंही त्यात धरावं. ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी, आणि संध्याकाळी परत, कारण तिथे बिबटे आहेत.

कोणी घेऊ नये? ज्याला वर्षातून एकदा मुलांना घेऊन बेलापूरचा बुरूज दाखवायचा आहे, त्याने तीन एएए सेलचा साधा दिवा घ्यावा, फक्त उबदार रंगाचा बघून. त्याच्या सेलची काळजी नसते, संपले तर स्टेशनबाहेरच्या टपरीवर मिळतात. तोही हातात काढून भिंतीलगत धरता येतो, पट्ट्यासकट. अवघड वाटेल, पण चालेल. ज्यांना तट-बुरुजांच्या नोंदी करायच्या आहेत, मापं घ्यायची आहेत, फोटो काढायचे आहेत, त्यांनी एल-आकाराच्या दिव्यावर पैसे घालावेत. आणि ज्यांनी आधीच हजारो लुमेनचा निळसर दिवा घेतला आहे त्यांनी तो विकायची घाई करू नये. काचेवर आतून दुधी प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला आणि सगळ्यात मंद पायरीवर वापरला तर झोत रुंद होतो. रंग मात्र सुधारणार नाही.

जून ते सप्टेंबर पावसामुळे जाणं होत नाही असं धरू. त्या चार महिन्यांसाठी सेल दिव्याबाहेर काढून ठेवावा, पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा नव्हे, साधारण निम्मा, म्हणजे ३.७ व्होल्टच्या आसपास. प्लॅस्टिकच्या डबीत, किल्ल्या आणि नाण्यांपासून लांब. दिवा मोकळ्या पट्ट्यासकट कपाटात, सिलिका जेलच्या पुडीशेजारी.